युनोमिया : सुव्यवस्थेच्या नावाचा पाषाण

मंगळ आणि गुरू या दोन ग्रहांच्या कक्षांमध्ये लहानमोठ्या खडकांचा एक विस्तीर्ण पट्टा सूर्याभोवती अखंड फिरत आहे. या खडकांना आपण लघुग्रह म्हणतो. त्यांतील जे पाषाणमय जातीचे आहेत, त्यांत आकाराने सर्वांत मोठा म्हणून ज्याची गणना होते, त्याचे नाव युनोमिया. २९ जुलै १८५१ रोजी नेपल्सच्या वेधशाळेतून आनिबाले दे गास्पारिस या खगोलशास्त्रज्ञाने तो शोधून काढला. लघुग्रहांच्या यादीत त्याचा क्रमांक पंधरावा लागतो. ग्रीक भाषेत ‘युनोमिया’ म्हणजे सुव्यवस्था, चांगल्या कायद्यांनी नांदणारे राज्य. अथेन्सचा प्राचीन कायदेपंडित सोलोन याने हिच्याच स्तुतीपर काव्य रचले होते.

ज्या नेपल्समधून हा खडक प्रथम दिसला, त्या नेपल्समध्ये त्या वर्षी सुव्यवस्था कितपत नांदत होती, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. खगोलशास्त्राच्या ग्रंथांत युनोमियाचा व्यास आणि कक्षा मिळते. इतिहासाच्या ग्रंथांत नेपल्सचे तुरुंग भेटतात. ही दोन पाने शेजारी ठेवून वाचावीत, एवढाच आमचा या लेखातील उद्देश आहे. या कथेत धर्मगुरू आहेत, राजे आहेत, एक पोप महाशयही आहेत. म्हणून कॅथलिक वाचकाला ती परकी वाटू नये.

धर्मगुरूने घातलेला पाया

नेपल्सच्या वेधशाळेची हकीकत सांगायची, तर आधी सिसिलीतील पालेर्मो शहरात जावे लागते. तेथील वेधशाळा उभारणारे जुझेप्पे पियाझ्झी हे थिएटाइन संघाचे धर्मगुरू होते. १ जानेवारी १८०१ रोजी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच रात्री, ताऱ्यांची स्थाने नोंदवीत असता त्यांना एक अनोळखी ठिपका दिसला. पुढच्या रात्री तो किंचित सरकला होता. हाच पहिला लघुग्रह सेरेस. काही आठवड्यांनी तो सूर्याच्या प्रकाशात लोपला आणि पुन्हा कोठे उगवेल हे कोणालाच सांगता येईना. तेव्हा गाउस या तरुण जर्मन गणितज्ञाने मोजक्या नोंदींवरून त्याची कक्षा मांडली आणि वर्ष संपता संपता तो पुन्हा सापडला.

फादर पियाझ्झी यांनी त्याला ‘सेरेस फर्दिनांदेआ’ असे जोडनाव दिले होते. सेरेस ही सिसिलीची धान्यदेवता आणि फर्दिनांद हा तेथील बुर्बोन घराण्याचा राजा. राजाश्रयावर वेधशाळा चालत असल्यामुळे त्यात नवल नव्हते. राजाने प्रसन्न होऊन त्यांच्या सन्मानार्थ सुवर्णपदक पाडण्याचे ठरविले, तेव्हा त्या पैशातून दुर्बीण घ्यावी, अशी विनंती या व्रतस्थ पुरुषाने केली. युरोपातील इतर खगोलशास्त्रज्ञांनी मात्र राजाचे नाव स्वीकारले नाही. थोड्याच वर्षांत ‘फर्दिनांदेआ’ गळून पडले आणि ‘सेरेस’ तेवढे उरले.

नेपल्समध्ये कापोदिमोंते टेकडीवरील वेधशाळेचे बांधकाम १८१२ साली, नेपोलियनचा मेहुणा म्युरा तेथे राज्य करीत असता, सुरू झाले होते. म्युराचे राज्य गेले आणि बुर्बोन परत आले, तेव्हा अपुरे राहिलेले काम पुरे करून घेण्यासाठी १८१७ साली फादर पियाझ्झी यांनाच बोलावण्यात आले. १८१९ साली वास्तू पूर्ण झाली. एका राजवटीने आरंभलेले काम दुसऱ्या राजवटीच्या हातून तडीस नेण्याची ही कामगिरी सत्तर वर्षांच्या धर्मगुरूने पार पाडली. २२ जुलै १८२६ रोजी नेपल्समध्येच त्यांचे निधन झाले. त्यांनी मागे ठेवलेली ७,६४६ ताऱ्यांची सूची पुढे कित्येक वर्षे वेध घेणाऱ्यांच्या उपयोगी पडत राहिली.

ठिपके मोजणारा माणूस

सेरेसनंतर १८०७ पर्यंत पालास, जुनो आणि व्हेस्टा असे आणखी तीन लघुग्रह सापडले आणि मग जवळजवळ अडतीस वर्षे एकही सापडला नाही. १८४५ च्या डिसेंबरात हेन्के नावाच्या एका जर्मन टपाल कर्मचाऱ्याने, पंधरा वर्षे चिकाटीने शोध घेतल्यानंतर, अस्त्रेया हा पाचवा लघुग्रह हुडकून काढला. त्याबरोबर सर्वत्र नवा उत्साह संचारला.

लघुग्रह शोधण्याची त्या काळची रीत आज ध्यानात घेण्यासारखी आहे. छायाचित्रणाचा उपयोग अद्याप सुरू झालेला नव्हता. निरीक्षक आकाशाचा एक लहानसा तुकडा निवडी, त्यातील अंधुक ताऱ्यांचा नकाशा समोर ठेवी आणि दुर्बिणीतून एकेक ठिपका नकाशाशी ताडून पाही. नकाशात नसलेला ठिपका आढळला, की त्याचे स्थान काळजीपूर्वक नोंदवून दुसऱ्या रात्रीची वाट पाहायची. ठिपका जागेवरच असेल तर तो नकाशा काढणाऱ्याच्या नजरेतून सुटलेला तारा. सरकला असेल तर लघुग्रह. शंभर वेळा पहिलाच निकाल पदरी येणार, हे ठाऊक असूनही रात्री जागवायच्या. हे काम प्रतिभेपेक्षा चिकाटीचे अधिक.

आनिबाले दे गास्पारिस यांचा जन्म ९ नोव्हेंबर १८१९ रोजी आब्रुत्सी प्रदेशातील बुन्यारा या गावी झाला. ते तरुणपणीच नेपल्सला आले आणि कापोदिमोंतेच्या वेधशाळेत शिकू लागले. तेथील संचालक एर्नेस्तो कापोच्ची हे त्यांचे गुरू. १२ एप्रिल १८४९ रोजी दे गास्पारिस यांनी हायजिया हा दहावा लघुग्रह शोधला. मग ११ मे १८५० रोजी पार्थेनोपी आणि त्याच वर्षी २ नोव्हेंबर रोजी एजेरिया सापडली. १८५१ साली लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना आपले सुवर्णपदक अर्पण केले. त्या वर्षीच्या जुलै अखेरीस युनोमिया त्यांच्या नजरेस पडली. १८६५ पर्यंत त्यांच्या नावावर एकूण नऊ लघुग्रह जमा झाले.

बक्षीस आणि बडतर्फी

आता शेजारचे पान उलटू. १८४८ हे युरोपात क्रांतीचे वर्ष होते. नेपल्सचा राजा दुसरा फर्दिनांद याने वर्षाच्या आरंभीच राज्यघटना देण्याचे मान्य केले. निवडणुका झाल्या. कापोच्ची हेही लोकप्रतिनिधी म्हणून निवडून आले. परंतु १५ मे रोजी नेपल्सच्या रस्त्यांवर सैन्य आणि नागरिक यांच्यात चकमक उडाली, रक्त सांडले आणि राजाने आपला शब्द हळूहळू परत घेतला. सप्टेंबरात मेसिना शहरावर तोफांचा भडिमार झाला. तेव्हापासून प्रजा राजाला ‘बाँब राजा’ म्हणू लागली. मार्च १८४९ मध्ये संसद कायमची बरखास्त झाली.

त्यानंतर महिनाभरातच हायजिया सापडली. आरोग्यदेवतेच्या या नावाला कापोच्ची यांनी ‘बोर्बोनिका’ हे उपपद जोडले आणि राजघराण्याला मानाचा मुजरा केला. या मुजऱ्याने त्यांचे रक्षण झाले नाही. १८५० साली, राजकीय मतांच्या कारणावरून, त्यांना संचालकपदावरून दूर करण्यात आले आणि लिओपोल्दो देल रे यांची त्या जागी नेमणूक झाली. ज्यांनी आकाशात बुर्बोनांचे नाव कोरले, त्यांनाच बुर्बोनांनी टेकडीवरून खाली उतरविले. इकडे १८५२ साली इंग्रज खगोलशास्त्रज्ञ हिंद याने लिहिले की, हायजियाचे अनावश्यक उपपद आता सर्वांनीच टाकून दिले आहे. पन्नास वर्षांपूर्वी फादर पियाझ्झींच्या ‘फर्दिनांदेआ’चे जे झाले, तेच ‘बोर्बोनिका’चेही झाले.

कापोच्ची यांनी निवृत्तीत लेखणी हाती धरली. १८५७ साली त्यांनी चंद्रावरील पहिल्या प्रवासाची एक कल्पित कथा प्रसिद्ध केली. तो प्रवास इसवी सन २०५७ मध्ये एक स्त्री करते, अशी ती कल्पना आहे. वर्तमानातील दारे बंद झालेला माणूस दोनशे वर्षांपुढचे दार उघडून पाहत होता, असे आम्हास ती कथा आठवताना वाटते.

ज्या महिन्यात युनोमिया दिसली

१८५०-५१ च्या हिवाळ्यात इंग्लंडचे एक संसदसदस्य ग्लॅडस्टन (जे पुढे पंतप्रधान झाले) मुलीच्या नेत्रविकारावर उबदार हवेचा उपाय म्हणून नेपल्सला येऊन राहिले होते. तेथे त्यांनी कार्लो पोएरियो यांच्यावरील खटला पाहिला. हे पोएरियो १८४८ च्या घटनात्मक सरकारात मंत्री होते. त्यांना चोवीस वर्षांची बेड्यांसह शिक्षा झाली. कैद्यांना दोघादोघांना मिळून एका साखळीत जखडले जाई आणि ती साखळी रात्रंदिवस निघत नसे. ग्लॅडस्टन यांनी तुरुंगात जाऊन हे प्रत्यक्ष पाहिले आणि मायदेशी परतल्यावर लॉर्ड अॅबर्डीन यांना उद्देशून दोन पत्रे लिहिली. जुलै १८५१ मध्ये ती छापून प्रसिद्ध झाली आणि साऱ्या युरोपात खळबळ माजली. ही राजवट देवाचाच निषेध करणारी आहे, असा त्या पत्रांचा मथितार्थ होता.

जुलै १८५१ या महिन्याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. एका टेकडीवर नेपल्सचा खगोलशास्त्रज्ञ सुव्यवस्थेच्या देवतेचे नाव लाभणारा ठिपका नोंदवीत होता आणि त्याच महिन्यात नेपल्सच्या अव्यवस्थेची लाज जगापुढे मांडली जात होती. योगायोगापलीकडचा अर्थ यात शोधण्याचा मोह आम्ही टाळतो. नाव देताना दे गास्पारिस यांच्या मनात राजाची स्तुती होती की राजाला टोमणा होता, याचा निवाडा करण्याचे कारण नाही. पण नाव हे देणाऱ्याच्या हेतूपेक्षा अधिक काळ टिकते आणि वाचणाऱ्याच्या विवेकाशी बोलत राहते, एवढे मात्र निश्चित.

या विवेकाची टोचणी आम्हा कॅथलिकांना अधिक लागायला हवी. कारण नोव्हेंबर १८४८ मध्ये रोममधील उठावामुळे पोप पायस नववे यांना शहर सोडावे लागले, तेव्हा त्यांना आश्रय देणारा राजा हाच होता. पोप महाशय प्रथम गाएता येथे आणि मग नेपल्सजवळच्या पोर्तिची येथे एप्रिल १८५० पर्यंत त्याचे पाहुणे म्हणून राहिले. हायजिया सापडली त्या रात्री ते गाएता येथे होते. आश्रयदात्याविषयी कृतज्ञता स्वाभाविक असते. पण धर्माला आश्रय देणारा राजा म्हणून त्याच्या तुरुंगांकडे डोळेझाक करता येते काय, हा प्रश्न त्या काळच्या कित्येक श्रद्धावंतांनाही छळत होता. कार्लो पोएरियो आणि त्यांच्या सोबत्यांना शेवटी १८५९ साली हद्दपारीच्या वाटेने सुटका मिळाली.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की छळ एकाच बाजूने झाला नाही. मार्च १८४८ मध्ये क्रांतीच्या लाटेत येशूसंघीयांना रोममधून बाहेर पडावे लागले. कोलेजिओ रोमानोच्या वेधशाळेचे प्रमुख व धूमकेतूंचे नामांकित शोधक फादर फ्रांचेस्को दे व्हिको यांचे त्याच वर्षी नोव्हेंबरात लंडन येथे, निर्वासित अवस्थेत, निधन झाले. त्यांचे तरुण सहकारी आंजेलो सेक्की हे इंग्लंडमधील स्टोनीहर्स्ट आणि अमेरिकेतील जॉर्जटाउन येथे राहून मग परतले आणि त्यांनी रोमच्या वेधशाळेचा भार उचलला. नेपल्समध्ये राजाच्या बाजूने एका खगोलशास्त्रज्ञाची खुर्ची गेली, रोममध्ये क्रांतीच्या बाजूने दुसऱ्याची. आकाशाला मात्र दोघांचीही गरज होती.

बहिणी आणि आई

ग्रीक पुराणकथेत युनोमियाला दोन बहिणी आहेत : डाइकी म्हणजे न्याय आणि आयरीन म्हणजे शांती. तिघी थेमिस या दैवी नियमाच्या देवतेच्या मुली. आकाशात या घराण्याची जुळणी कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे.

चौदावा लघुग्रह आयरीन हा हिंद याने १९ मे १८५१ रोजी लंडनमध्ये शोधला. त्या वर्षी लंडनला भरलेल्या भव्य जागतिक प्रदर्शनाने राष्ट्राराष्ट्रांत शांती नांदेल, अशी आशा लोकांच्या मनात होती. तिच्या सन्मानार्थ हे नाव ठेवण्यात आले. दे गास्पारिस यांनाही हाच लघुग्रह अवघ्या चार दिवसांनी स्वतंत्रपणे दिसला होता. त्यानंतर दोन महिन्यांनी युनोमिया आली. ५ एप्रिल १८५३ रोजी दे गास्पारिस यांनी आणखी एक लघुग्रह शोधला, त्याला थेमिस हे नाव दिले फादर सेक्की यांनी. म्हणजे मुलीचा शोध आधी लागला, आई दोन वर्षांनी सापडली. आणि न्यायाची देवता? डाइकी हा नव्व्याण्णवावा लघुग्रह मार्सेय येथील बोरेली याने १८६८ साली शोधला. शांती आणि सुव्यवस्था यांच्यामागून सतरा वर्षांनी न्यायाने पाऊल ठेवले. ही निव्वळ शोधांची क्रमवारी आहे. पण न्यायाला थांबायला सांगून सुव्यवस्था आणू पाहणाऱ्या राज्यकर्त्यांना ती आरसा दाखविल्यावाचून राहत नाही.

राजांच्या नावांचा वाद नेपल्सपुरता नव्हता. हिंद याने १८५० साली शोधलेल्या लघुग्रहाला ‘व्हिक्टोरिया’ नाव दिले, तेव्हा हयात राणीचे नाव आकाशात नको म्हणून अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ ‘क्लायो’ हे पर्यायी नाव वापरीत राहिले. व्हिक्टोरिया ही रोमनांची विजयदेवता आहे, या सबबीवर ते नाव टिकले. आज आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचा नियमच आहे, की मुख्यतः राजकीय किंवा लष्करी कार्यासाठी प्रसिद्ध असलेल्या व्यक्तीचे नाव तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षे उलटल्याखेरीज देता येत नाही. ‘फर्दिनांदेआ’ आणि ‘बोर्बोनिका’ यांनी शिकविलेला धडा या नियमात उतरला आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

खडक काय सांगतो

युनोमियाचे स्वरूप दे गास्पारिस यांना कळण्याजोगे नव्हते. त्यांना दिसला तो नुसता ठिपका. तो कशाचा बनला आहे, हे जाणण्याची वाट ज्यांनी दाखविली त्यांत फादर सेक्की अग्रभागी होते. ताऱ्यांचा प्रकाश लोलकातून पसरवून, त्यांतील रेषांवरून ताऱ्यांचे वर्ग पाडण्याचे काम त्यांनी १८६० नंतरच्या दशकात केले. पुढे हीच रीत लघुग्रहांवरून परावर्तित होणाऱ्या सूर्यप्रकाशालाही लावण्यात आली. १९७० नंतर लघुग्रहांचे वर्ग पडले आणि सिलिकेट खनिजांनी बनलेल्या पाषाणमय वर्गात युनोमिया अग्रस्थानी येऊन बसली.

आज आपणास ठाऊक आहे, की तिचा सरासरी व्यास २५० ते २७० किलोमीटरांच्या दरम्यान आहे. मात्र तिचा आकार चेंडूसारखा गोल नसून लांबट, ओबडधोबड आहे. स्वतःभोवती एक फेरी ती सहा तासांहून थोड्या अधिक वेळात पुरी करते. सूर्यापासून तिचे सरासरी अंतर सुमारे साडेएकोणचाळीस कोटी किलोमीटर आहे आणि तिचे वर्ष आपल्या सव्वाचार वर्षांहून किंचित मोठे भरते. तिच्या कक्षेशी मिळत्याजुळत्या कक्षांत फिरणारे पाच हजारांहून अधिक लहान खडक आहेत. फार प्राचीन काळी एका प्रचंड आघाताने तिचे जे तुकडे उडाले, तेच हे होत. अशा कुळांचा शोध १९१८ साली हिरायामा या जपानी शास्त्रज्ञाने लावला. सुव्यवस्थेचे नाव धारण करणारा हा पाषाण स्वतः एका आघाताचा अवशेष आहे.

पृथ्वीवर पडणाऱ्या उल्कापाषाणांत सर्वाधिक प्रमाण ज्या सामान्य जातीचे असते, ती जात अशाच पाषाणमय लघुग्रहांपासून येते काय, हे कोडे दीर्घकाळ सुटत नव्हते. कारण दोघांचे रंग तंतोतंत जुळत नसत. जपानच्या हायाबुसा यानाने इतोकावा या लहान पाषाणमय लघुग्रहावरील धुळीचे कण १३ जून २०१० रोजी पृथ्वीवर आणले आणि २०११ साली त्यांच्या तपासणीतून नाते सिद्ध झाले. अवकाशातील सौरवाऱ्याच्या व सूक्ष्म कणांच्या माऱ्याने पृष्ठभागाचा रंग बदलतो, एवढाच तो फरक होता.

या उल्कापाषाणांची घनता काटेकोरपणे मोजून लघुग्रह आतून कितपत सच्छिद्र असतात याचा अंदाज बांधण्याच्या कामात व्हॅटिकन वेधशाळेचे ब्रदर गाय कोन्सोलमाग्नो यांचा मोठा वाटा आहे. ही वेधशाळा पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली नव्याने स्थापन केली. फादर सेक्की यांच्या मृत्यूनंतर कोलेजिओ रोमानोची वेधशाळा इटालियन सरकारच्या ताब्यात गेली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या स्थापनेचे मोल कळते. २०२५ साली पोप लिओ चौदावे यांनी तिच्या संचालकपदी गोव्याचे येशूसंघीय धर्मगुरू फादर रिचर्ड डिसोझा यांची नेमणूक केली. पियाझ्झी, दे व्हिको, सेक्की यांच्या मालिकेत आपल्या किनाऱ्यावरील एक नाव गुंफले गेले, याचा आम्हांस सार्थ अभिमान वाटतो.

उपसंहार

पुढची हकीकत थोडक्यात. ७ सप्टेंबर १८६० रोजी गॅरिबाल्डी नेपल्समध्ये शिरला आणि बुर्बोनांचे राज्य संपले. कापोच्ची यांना त्यांची वेधशाळा परत मिळाली. पण उण्यापुऱ्या चार वर्षांत, जानेवारी १८६४ मध्ये, त्यांना मरण आले. त्यांच्या जागी शिष्य दे गास्पारिस आले आणि १८८९ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. मार्च १८९२ मध्ये त्यांचे निधन झाले. १८५२ साली त्यांनी शोधलेल्या सायकी या धातुमिश्रित लघुग्रहाकडे अमेरिकेने १३ ऑक्टोबर २०२३ रोजी एक यान रवाना केले. ते २०२९ साली तेथे पोहोचावयाचे आहे.

इतिहासाची एक सवय आहे. ज्यांच्याजवळ तुरुंगाच्या किल्ल्या असतात, ते आपल्या कारभाराला सुव्यवस्था म्हणतात आणि त्यांच्या छायेत सुखरूप असलेले लोक त्या शब्दावर विश्वास ठेवतात. यात धर्माची माणसेही येतात. नेपल्सचा राजा स्वतःला धर्मनिष्ठ म्हणवीत असे आणि त्याच्या राज्यात रस्त्यांवर शांतता होती. परंतु साखळीने जखडलेल्या दोन माणसांनी ज्या सुव्यवस्थेचा खर्च भरावा लागतो, तिला ख्रिस्ताच्या अनुयायाने ते नाव देऊ नये. थेमिसच्या तिन्ही मुली एकाच आईच्या आहेत. न्यायाला बाहेर उभे करून उरलेल्या दोघींना घरात ठेवता येत नाही, हे ग्रीकांना ठाऊक होते; आणि देवाच्या राज्याची वाट पाहणाऱ्यांना तर ते अधिकच ठाऊक असले पाहिजे.

राजांची उपपदे गळून पडली. पियाझ्झींची ताऱ्यांची सूची, कापोच्चींचा शिष्य, सेक्कींची रीत आणि दे गास्पारिसांचे नऊ ठिपके राहिले. युनोमिया नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ती पाहायची तर दुर्बीण लागते, नकाशा लागतो आणि दुसऱ्या रात्रीची वाट पाहण्याची तयारी लागते. खरी सुव्यवस्था ओळखायलाही याहून वेगळे काही लागत नाही, असे आम्हास वाटते.